जुने पाते ट्रॅक्टरच्या लोडरला जोडताना

कापसाचा हंगाम तोंडावर आला की मुकुंदवाडीतल्या आणि चिकलठाण्याच्या बाजूच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे एक ठराविक गिऱ्हाईक येते. कोणी जिनिंगवाला असतो, कोणी वीटभट्टीवाला, कोणी मुरूम-मातीचा ठेकेदार. त्याने भंगारातून एखादे जुने पाते उचललेले असते, कधी ग्रेडरचे, कधी छोट्या डोजरचे. ट्रॅक्टरला पुढे लोडर आधीच आहे. मागणी एवढीच की बादली काढा आणि तिच्या जागी हे पाते बसवून द्या. नव्या पात्याचा भाव त्याने ऐकलेला असतो, म्हणूनच तो तुमच्या दारात आलेला असतो.

काम दिसायला सोपे आहे. चार कान कापायचे, भोके पाडायची, वेल्डिंग मारायची, पिना घालायच्या. दोन दिवसांत हिशेब चुकता. पण हेच पाते महिनाभरात वाकलेल्या भुजा, तडकलेली हाऊसिंग आणि भांडण घेऊन परत येते. मी पेशाने कापडवाला. हा विषय माझा कसा, असे कोणी विचारील. एक तर हे काम माझ्या शेजारपाजारच्या कारागीर भावांचे आहे. दुसरे म्हणजे जिनिंगच्या अंगणात हे पाते ज्या कापसावर फिरते तो पुढे थान होऊन आमच्याच गादीवर येतो.

मूळ मुद्दा असा की लोडर उचलण्यासाठी बनलेला असतो आणि पाते ढकलण्यासाठी. बादली ढिगात शिरते, भरते, वर जाते. भुजांवर जोर येतो तो मुख्यतः वरून खाली. पाते जमिनीला टेकून समोरचा माल रेटत राहते, म्हणजे जोर समोरून मागे येतो आणि कोपरा कशाला अडला तर आडवाही येतो. लोडरच्या भुजा आडव्या जोराच्या हिशेबाने बनवलेल्या नसतात. 7 फुटी पात्याचा कोपरा दगडाला लागला तर मध्यापासून साडेतीन फुटांवर धक्का बसतो, आणि सगळी पिळवट एका भुजेवर जाते.

धक्का किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. ट्रॅक्टर आणि पाते मिळून 2300 किलो धरा. ताशी 10 किलोमीटरने जाताना पाते जमिनीतल्या पक्क्या दगडाला अडले आणि गाडी 5 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी जोर सुमारे 18 टन येतो. वेग निम्मा, म्हणजे 5 किलोमीटर केला की तोच जोर साडेचार टनांवर येतो, कारण वेग निम्मा झाला की धक्क्याची ताकद चौथाई होते. आता वेग 10 च ठेवा, पण अडल्यावर पाते स्वतः मागे झुकून गाडीला थांबायला 30 सेंटिमीटर देत असेल, तर जोर 3 टनांच्या आसपास राहतो. 18 आणि 3 यांतल्या फरकावर हे सारे काम उभे आहे.

बर्फाच्या मुलखात हे फार आधी ओळखले गेले. आपल्याकडे झोजिलासारख्या घाटांतून सीमा सडक संघटनेची यंत्रे दर हंगामात बर्फ बाजूला करतात. युरोप-अमेरिकेत तर शेतकरी जुन्या ट्रकवरचे बर्फाचे पाते काढून स्वतःच्या ट्रॅक्टरच्या लोडरला लावतो, आणि त्याच्यापुढेही आपल्या कारागिरापुढचाच सवाल असतो. तिकडच्या पात्यांच्या मागे जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दडलेल्या दगडाला किंवा गटाराच्या झाकणाला पाते अडले की ते, किंवा नुसती त्याची खालची धार, मागे दुमडते, अडथळ्यावरून निघून जाते आणि स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते. ग्रेडरच्या किंवा डोजरच्या पात्याला बहुधा अशी सोय नसते, कारण त्या यंत्रांचा सांगाडाच धक्का सोसायला बनलेला असतो. तेच पाते हलक्या ट्रॅक्टरवर आणले की झुकण्याची सोय आपण करून द्यावी लागते.

ती करणे कठीण नाही. पाते सरळ कानांवर न ठोकता खालच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर बसवावे आणि वरच्या कडेला मागून ताणाच्या दोन-तीन मजबूत स्प्रिंगा द्याव्यात. जोर आला की वरची कड पुढे झुकते, खालची धार मागे सरकते आणि अडथळा खालून निघून जातो. स्प्रिंगा इतक्या ताठ हव्यात की नेहमीचा माल ढकलताना पाते हलू नये, आणि इतक्या नरम की दगडाला अडल्यावर हलावेच. हे मोजून बसत नाही, रिकाम्या मैदानात ओंडका पुरून दोन-तीनदा तपासून बसते. पात्याला आधीच स्प्रिंग असेल तर ती अडगळ समजून कापून टाकू नये.

दुसरी गोष्ट जोर कुठे पोहोचतो याची. ट्रकला लांब चेसिस असते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना तशी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा हे बिडाचे तुकडे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तेच त्याचे अंग असते. लोडरचा सांगाडा नुसता क्लच हाऊसिंगच्या बोल्टांवर लटकवलेला असेल तर पात्याचा सारा धक्का तिथे जातो. बीड वाकत नाही, तडकते. म्हणून पाते बसवण्याआधी लोडरचा खालचा सांगाडा पाहावा. त्याचे दांडे मागच्या धुऱ्याच्या हाऊसिंगपर्यंत गेलेले असतील तर काम पुढे न्यावे. नसतील तर आधी तेवढे दोन दांडे चॅनेलमध्ये बनवून घ्यावेत आणि त्याचे पैसे वेगळे सांगावेत. आमच्या हिमरूच्या धंद्यातही मागावर जॅकार्ड चढवायचे तर त्याचे वजन आणि ओढ पेलणारी चौकट आधी उभी करावी लागते.

त्याच ओघात बादली वळवणाऱ्या सिलिंडरांकडे पाहावे. पाते खाली टेकवून ढकलताना ते मागे दुमडू नये म्हणून हेच सिलिंडर दम धरून असतात. रॉड बाहेर निघालेला असताना धक्का बसला की रॉड वाकतो. भुजेच्या टोकाला आणि जोडपट्टीच्या पाठीला जाड लोखंडाचा अटकाव असा द्यावा की ढकलण्याच्या अवस्थेत लोखंड लोखंडाला टेकेल आणि सिलिंडर मोकळा राहील.

वजनाचा हिशेब तर कोणत्याही दुकानदाराला समजेल, तो तराजूचाच आहे. 7 फूट लांब, 2 फूट उंच आणि 10 मिलिमीटर जाडीचा नुसता पत्रा 100 किलोच्या वर जातो. कड, पट्ट्या, बिजागऱ्या, स्प्रिंगा धरून 250 किलो सहज होतात. दोन धुऱ्यांमधले अंतर 2 मीटर आणि पाते पुढच्या धुऱ्याच्या दीड मीटर पुढे असेल, तर उचलल्यावर पुढच्या धुऱ्यावर 250 नव्हे, सुमारे 437 किलोंची भर पडते आणि मागच्या धुऱ्यावरचे 187 किलो कमी होतात. ढकलणारी चाके मागची, आणि नेमकी तीच हलकी होतात. मग ड्रायव्हर म्हणतो की ट्रॅक्टरमध्ये दम नाही. त्यात दम असतो, पकड नसते. मागे थ्री-पॉइंटला सिमेंटचा 300 किलोचा ठोकळा धुऱ्यापासून 1 मीटर मागे टांगला की मागच्या चाकांवर 450 किलो वाढतात आणि पुढचे 150 कमी होतात. मागच्या टायरांत पाणी भरण्याची आपली जुनी रीतही इथे उपयोगी आहे.

रुंदी ठरवताना एक फसगत होते. 7 फुटी पाते 30 अंशांत तिरके केले की वाट 6 फुटांचीच साफ होते. मागच्या चाकांची बाहेरची रुंदी मोजून, तिरके असतानाही पाते तिच्याहून थोडे जास्त राहील असे पाहावे, नाहीतर चाक न ढकललेल्या मालावर चढते.

पाते जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे स्वतः वरखाली व्हायला हवे. काही लोडरांच्या हायड्रॉलिक दांड्याला तरंगण्याची जागा असते, तिथे ठेवले की तेल दोन्हीकडे मोकळे फिरते. साध्या व्हॉल्व्हला ती नसते. अशा वेळी पाते भुजेला साखळीने उचलावे. साखळीला चार बोटे ढील ठेवली की पाते आपल्या वजनाने जमिनीवर बसते. व्हॉल्व्हवर खर्च करण्यापेक्षा मला ही जुगत जास्त पसंत आहे.

आता कापसाची बाब. फरशीवर लोखंडी धार घासली आणि मध्ये खडा आला की ठिणगी उडते. मातीच्या कामात तिची फिकीर नाही, कापसाच्या ढिगात तीच ठिणगी आत सरकते आणि तासाभराने धूर दाखवते. एका ठिणगीत शेतकऱ्याचा माल, जिनिंगवाल्याची शेड आणि त्या दिवशी ढिगावर असलेल्या मजुरांचा जीव, सारेच आले. म्हणून जिनिंगसाठी पाते बनवायचे तर खालची लोखंडी कड काढून तिथे जुन्या कन्व्हेअर बेल्टची जाड पट्टी बोल्टांनी आवळावी. झिजली की खाली सरकवता येते. बोल्टांची डोकी वर राहू देऊ नयेत. सायलेन्सरवर ठिणगी अडवणारी जाळी बसवायला गिऱ्हाईकाला सांगावे. कापूस हलका असल्याने पाते जाड नव्हे, उंच हवे. वरच्या अर्ध्या भागात पत्र्याऐवजी जाळी दिली तर वजन वाचते आणि ड्रायव्हरला पुढचा माणूस दिसतो.

तेलाचे ठिपके हे माझे खास दुखणे. होजच्या जोडातून गळणारे हायड्रॉलिक तेल कापसाच्या बोंडावर पडते, रुईत जाते, सुतात उतरते. कोऱ्या कपड्यात ते दिसतही नाही, रंगाला दिले की उघडे पडते. एकदा माझ्याकडे रंगून आलेल्या थानांत जागोजाग असे डाग निघाले. माल परत घ्यायला कोणी तयार नव्हते, तो तुकड्यांच्या भावात गेला. केंद्र सरकारने 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले तेव्हा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांची सुधारणा आणि रुईतली भेसळ-घाण कमी करणे हे त्यातले मोठे काम होते. पक्के अंगण करून त्यावर गळके यंत्र फिरवले तर त्या खर्चाचा उपयोग काय? पात्याच्या कामासाठी होज नवेच घालावेत, भंगारातले नव्हे. आणि गळती बोटाने चाचपू नये. दाबातले तेल सुईसारखे कातडीत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची पाळी येते. पुठ्ठा धरून पाहावे, आणि असे झालेच तर मलमपट्टीत वेळ न घालवता इस्पितळ गाठावे.

वेल्डिंगबद्दल उस्ताद मंडळींना मी काय सांगणार. तरी दोन गोष्टी. जुन्या पात्याची कड कडक पोलादाची असते, तिच्यावर साध्या रॉडने थंडीत टाका मारला तर शेजारी चीर जाते. ती बोल्टवरच ठेवावी. जोडपट्टीला 7018 रॉड वापरावा आणि तो कोरडा, भट्टीत तापवलेला असावा. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. पिनांची भोके गॅसने फाडू नयेत, लेथवर किंवा बोअरिंगवर काढून त्यात बुश बसवावेत. ढिल्या भोकात दर धक्क्याला पिन हातोडीसारखी आपटते. आणि उचललेल्या लोडरखाली, भुजांना लोखंडी टेकू दिल्याशिवाय, कोणीही शिरू नये, शागीर्द तर नाहीच.

दराचे बोलणे सुरुवातीलाच व्हावे. पाते कोणत्या मालासाठी आहे, जास्तीत जास्त किती वेगाने चालवायचे, मागे किती वजन टांगायचे, हे बिलावरच लिहून द्यावे. कापसासाठी बनवलेले पाते ठेकेदाराने मुरुमात घातले तर जबाबदारी कोणाची, हा वाद तिथेच मिटतो. पाते लावून ट्रॅक्टर सडकेवर नेण्याचे आश्वासन कारागिराने देऊ नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीतल्या फेरफारांबाबत आहे, तेव्हा मालकाने आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावे. पाते दोन पिनांत निघेल असे बनवले तर ते ट्रॉलीत टाकून नेता येते. पहिल्या दहा तासांच्या कामानंतर ट्रॅक्टर एकदा शेडवर बोलवावा, बोल्ट पुन्हा आवळावेत, टाके धुऊन चीर पाहावी. या फेरीचे पैसे आधीच्या बिलात धरलेले बरे, म्हणजे गिऱ्हाईक येते.