ओळ म्हणजे किती अक्षरं

१ जुलै, पहाटे साडेपाच. पुण्यात नुकतं फटफटायला लागलंय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून ३० जूनचे रात्रीचे आठच वाजलेत. तिकडच्या डॉक्टरांची दिवसभराची डिक्टेशन्स रांगेत येऊन पडलीत. माझं काम टाइप झालेले रिपोर्ट तपासण्याचं; महिना संपला की बिलंही मीच काढते.

सव्वासहा. एका फाइलमध्ये गोळीचा डोस ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’, कळत नाही. वेग कमी करून तीनदा ऐकलं. शेवटी जागा रिकामी सोडली आणि डॉक्टरांसाठी खूण केली. ही दहा मिनिटं कुठल्याच बिलात दिसत नाहीत, कारण आमचे पैसे ठरतात ओळींवर.

साडेनऊ. तिकडे मध्यरात्र, जून बंद. महिना गिऱ्हाइकाच्या घड्याळानं संपतो, असं करारातच लिहून घेतलंय. नाहीतर सीमेवरचं काम दोन्ही बिलांत शिरायला वेळ लागत नाही.

दहा. आता मोजदाद. ओळ म्हणजे ६५ अक्षरं, एवढं धंद्यात सगळे सांगतात. अक्षर म्हणजे काय धरलंय, ते मात्र विचारावं लागतं. समोरचाच रिपोर्ट घ्या. मोकळ्या जागा धरून २६०० अक्षरं, म्हणजे ४० ओळी. जागा वगळल्या तर २२१०, म्हणजे ३४. पानावरची प्रत्येक ओळ, मग ती एका शब्दाची का असेना, अख्खी धरली तर ५२. ‘ॲलर्जीज: नन’ हे इंग्रजीत लिहायला १५ अक्षरं लागतात, म्हणजे जेमतेम पाव ओळ; त्या हिशेबात तिची पूर्ण ओळ होते. मापात पाप करायला इथे खोटं बोलावंच लागत नाही. कोणतं माप लावलं ते सांगितलं नाही, की झालं.

२००७ साली अमेरिकेतल्या आरोग्य-नोंदींच्या आणि ट्रान्सक्रिप्शनच्या व्यावसायिक संघटनांनी मिळून सुचवलं, की डोळ्यांना दिसणारी अक्षरं तेवढीच मोजा. मोकळ्या जागा आणि छुप्या खुणा सोडून द्या. मला हे पटतं, कारण गिऱ्हाइकाला स्वतः वर्डमध्ये फाइल उघडून आकडा ताडून बघता येतो. ओळी कमी भरतात म्हणून दर चढा लावावा लागतो. तो तोंडावर मागावा, मोजणीत लपवू नये.

साडेअकरा. वजावट. तातडीचं म्हणून घेतलेली दोन कामं उशिरा गेली; त्यांचा जादा आकार काढला. आमच्याच चुकीमुळे परत आलेल्या रिपोर्टची दुसरी मोजणी पुसली.

दीड. डबा खाऊन पुन्हा बसले. डॉक्टर ‘नेहमीची तपासणी’ म्हणतात आणि ठरलेला दहा ओळींचा मजकूर एका कळीनं उतरतो. तो टाइप करावा लागत नाही, वाचावा मात्र लागतो. म्हणून बिलात त्याचा रकाना वेगळा, दर कमी. यंत्रानं ऐकून लिहिलेल्या आणि आम्ही दुरुस्त केलेल्या मसुद्यांचंही तसंच.

तीन. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी वही घेऊन आली. “ताई, माझ्या ओळी बिलातल्या ओळींशी जुळतात का हो?”

तिला खुर्ची दिली. हा प्रश्न मी तिच्या वयात विचारला नव्हता. तेव्हा एका कंपनीत आम्हाला पैसे मिळत ते मोकळ्या जागा वगळून, आणि हॉस्पिटलला बिल जाई जागा धरून. एकदा बिलाची प्रत चुकून हाती आली तेव्हा कळलं. वर्षभर पाठ मोडून टाइप केलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. आता टाइप करणाऱ्याची मोजणी आणि गिऱ्हाइकाची मोजणी एकाच तक्त्यातून निघते.

आम्ही दोघींनी एकेक फाइल ताडून पाहिली. तिच्या वहीत ११ ओळी जास्त निघाल्या. तिची एक फाइल दुसऱ्याच्या नावावर चढली होती. दुरुस्त केली, त्या दुसऱ्यालाही बोलावून दाखवली.

साडेचार. बिल गेलं. सोबत प्रत्येक कामाचा क्रमांक, अक्षरं, ओळी, दर. वर पहिल्याच ओळीत आमच्या अक्षराची व्याख्या. रुग्णाचं नाव कुठेही नाही.