उतारवयांतील एकादशी

पक्षास एक याप्रमाणें वर्षाकांठीं चोवीस एकादश्या येतात. अधिकमास आला म्हणजे त्या सव्वीस होतात. ज्या गृहस्थानें हें व्रत पन्नास वर्षें अखंड चालविलें, त्याच्या पदरीं बाराशेंहून अधिक उपवास जमा झालेले असतात. अशा मनुष्यास सत्तरी उलटल्यावर डॉक्टर सांगतात, "आतां उपवास बंद करा." ऐकणाऱ्यास ही गोष्ट किरकोळ वाटते. त्या वृद्धास मात्र देवाशीं असलेला जुना संबंधच तुटल्यासारखें होतें. धडधाकट शरीर, नांदतें घर, वेळेवर मिळालेलें अन्न यांबद्दलचे आभार तो शब्दांनीं मानीत नसे. पंधरवड्यांतून एक दिवस उपाशी राहून मानीत असे. म्हणूनच पुष्कळ घरांतून असें घडतें कीं, आषाढीच्या सकाळीं सून गोळी हातांत देते, मामंजी "घेतों" म्हणतात आणि ती गोळी उशीखालीं जाते.

डॉक्टरांचें सांगणें निष्कारण नसतें. मधुमेह असलेल्या मनुष्यानें इन्सुलिन किंवा कांहीं विशिष्ट गोळ्या घेऊन पोट रिकामें ठेवलें, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. घाम सुटतो, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होतें, प्रसंगीं शुद्ध हरपते. बरें, गोळीच टाळावी तर साखर चढते. शिवाय वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावत असल्यामुळें निर्जळी उपवास मूत्रपिंडांस जड जातो.

फराळाची तऱ्हा तर आणखी निराळी. साबूदाणा हें टॅपिओका नांवाच्या कंदाचें पीठ. त्यांत पिष्टाखेरीज फारसें कांहीं नसतें आणि तें रक्तांतील साखर झपाट्यानें वाढवितें. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. बटाटा, भुईमूग व मिरची हींही त्याच खंडांतून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर इकडे आलीं. म्हणजे खिचडीच्या ताटांतील बहुतेक जिन्नस पुराणकर्त्यांच्या दृष्टीसही पडले नव्हते! "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण कोणा चतुर मनुष्यानें उगीच केलेली नाहीं.

मग शास्त्र काय सांगतें? काशीनाथ उपाध्याय हे पंढरपूरचे विद्वान. त्यांनीं इ. स. १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' हा ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील घरोघरच्या व्रतवैकल्यांचा निर्णय पुढें याच ग्रंथावरून होऊं लागला. एकादशीच्या उपवासाचें बंधन आठ वर्षांवरील व ऐंशी वर्षें पुरीं न झालेल्या मनुष्यास आहे, असें धर्मशास्त्रकार सांगतात. पण ऐंशीच्या आंतील अशक्ताचीही सोय त्यांनीं केली आहे. ज्याच्यानें निराहार राहवत नाहीं त्यानें रात्रीं एकदां जेवावें, हविष्यान्न घ्यावें, फळांवर अथवा दुधावर राहावें. तेंही न झेपल्यास पुत्र, पत्नी, बंधु किंवा पुरोहित यांच्याकडून प्रतिनिधि म्हणून व्रत करवावें. इतका बारीक विचार त्यांनीं करून ठेवलेला असतां आजचा भाविक त्यांच्याहूनही कडक व्हावा, हें नवल होय.

औषधाविषयींचा निर्णय तर याहून जुना आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत, ज्यांच्या योगानें व्रत मोडत नाहीं अशा आठ गोष्टी गणल्या आहेत. पाणी, मूळ, फळ व दूध त्यांत आहेत, गुरूची आज्ञा आहे आणि औषधही आहे. उशीखालची गोळी व्रताच्या आड येत नव्हती, असाच याचा अर्थ.

तरीही 'चालतें' एवढ्यानें मनाचें समाधान होत नाहीं. ज्यास इतकीं वर्षें देण्याची संवय झाली त्यास नुसती सूट मिळून काय उपयोग? या ठिकाणीं प्रतिनिधीची योजना फार शहाणपणाची दिसते. उपवास मुलानें करावयाचा, पण तो वडिलांच्या नांवानें. वडिलांनीं सकाळीं स्नान करून विठोबापुढें बसावें, डॉक्टरांनीं सांगितलेला आहार व गोळी वेळेवर घ्यावी आणि दिवसभर नामस्मरणांत राहावें. 'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणें असाच आहे, आणि जवळ राहण्यास उपाशी पोटाची अट नाहीं.

दुसऱ्या दिवशीं द्वादशीचें पारणें असतें. त्या दिवशीं पहिलें पान उपवास करणाऱ्या मुलाचें मांडावें आणि वाढावयास वडिलांनीं उठावें.