नाक्यापलीकडचं नवघर

भाईंदर पूर्वेला नवघरच्या बाजूने गेलं की औद्योगिक गाळ्यांतून प्रेसचा धडधडाट ऐकू येतो. स्टीलच्या गोल पत्र्याला इथे सर्कल म्हणतात. त्याला तेल चोपडून डायवर ठेवलं की प्रेस खाली येतो आणि पत्र्याचा डबा होतो. कडा कापून झाल्या की डबा पॉलिशवाल्याकडे जातो. तो फिरत्या बफवर डबा दाबून धरतो, भुकटी उडत राहते. संध्याकाळपर्यंत कामगाराचा चेहरा काळवंडलेला असतो आणि डब्यात आरशासारखं तोंड दिसतं. घरोघरच्या मांडणीवर चमकणाऱ्या भांड्यांमागे हे हात आहेत.

हे गाळे इथे आले याचं मोठं कारण दहिसर चेकनाका. मुंबईची हद्द तिथे संपते. बाजारपेठ जवळ आणि जागा स्वस्त, असा दुहेरी फायदा नाक्याच्या या बाजूला मिळाला. अमेरिकेच्या सीमेवरचं मेक्सिकोचं तिहुआना शहर असंच वाढलं. 1965 मध्ये तिथल्या सरकारने सीमावर्ती भागात कारखान्यांना सवलती दिल्या. माल अमेरिकेसाठी, मजुरी मेक्सिकोची. पाठोपाठ देशभरातून माणसं आली आणि राजकारण बदललं. 1929 पासून सत्तेत असलेल्या पक्षाने 1989 मध्ये पहिल्यांदा एका राज्याचं गव्हर्नरपद गमावलं, ते तिहुआनाच्याच बाहा कॅलिफोर्नियात.

गाळे येण्याआधी नवघर भातशेतीचं आणि मिठागरांचं गाव होतं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा, या कामासाठी ब्रिटिश सरकारने 1870 मध्ये भाईंदर, नवघर, घोडबंदर भागातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिली. पट्टा किती वर्षांचा? 999! पुढे तो हक्क एका खासगी कंपनीकडे गेला आणि घर बांधायचं तर तिचा ना-हरकत दाखला घ्या, असा प्रकार अनेक वर्षं चालला. कसणाऱ्याला न विचारता झालेल्या कराराचं ओझं चार-पाच पिढ्यांनी वाहिलं, हा मला उघड अन्याय वाटतो.

12 जून 1985 रोजी इथल्या ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महापालिका. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबं लोकल धरून इकडे आली. 1991 मध्ये लोकसंख्या पावणेदोन लाख होती, 2001 मध्ये 5 लाख 20 हजार, 2011 मध्ये आठ लाखांच्या वर. याच शहरातल्या मिरा रोडच्या, दुर्बल घटकांसाठीच्या घरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1990 च्या शांतीस्टार बिल्डर्स निकालात जगण्याच्या हक्कात निवाराही येतो, असं न्यायालयाने सांगितलं. देशभर दाखला दिला जातो त्या निकालाचं मूळ इथल्या मातीत आहे, हे इथल्या शाळांत शिकवलं पाहिजे.

या नव्या वस्तीमुळे मतदारयादीत गावठाणं अल्पसंख्य झाली. 2009 मध्ये राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा आमदार झाले, 2014 मध्ये भाजपचे नरेंद्र मेहता, 2019 मध्ये अपक्ष गीता जैन, 2024 मध्ये पुन्हा मेहता. 2017 च्या महापालिका निवडणुकीत भाजपने 95 पैकी 61 जागा घेतल्या. 2025 मध्ये मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला आणि काही दिवसांतच मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह मला रास्त वाटतो, मारहाण नाही. भांडी घासूनपुसून चमकवणारा परप्रांतीय पॉलिशवाला आणि जमीन गेलेला आगरी शेतकरी या दोघांचंही दुखणं त्या मोर्चांत कुणी मांडलं नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, पण हद्द पुसली गेली नाही. शहराला पाणी अजून शहाड-टेमघर पाणीयोजनेकडून आणि एमआयडीसीकडून घ्यावं लागतं, पुढची भिस्त पालघरच्या सूर्या प्रकल्पावर आहे. जागेचे भाव चढले की आता गाळ्यांच्या जागी टॉवर परवडू लागतात. तसं करायचं असेल तर महापालिकेने आधी एवढंच जाहीर करावं: प्रेसवर आणि बफवर काम करणाऱ्यांसाठी विकास आराखड्यात जागा कुठे ठेवली आहे?