धावण्याची उन्हाळी बेगमी

मराठवाड्यात उन्हाळा हा बेगमीचा काळ. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, वर्षाचे तिखट आणि हळद डब्यांत भरली जात असते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जे लागणार, त्याची तजवीज चैत्र-वैशाखात करून ठेवायची, हे इथल्या घरांना कुणी शिकवावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरातील हौशी धावकांचे वर्षाचे गणित मात्र याच्या नेमके उलट चालते. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन आटोपली की पदक खिळ्याला अडकते आणि बूट माळ्यावर जातात. मार्चमध्ये उन्हाचा चटका सुरू होतो, मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मग पाऊस, मग गणपती. ऑक्टोबरात पुन्हा बूट निघतात आणि उरलेल्या दहा-बारा आठवड्यांत वर्षभराचा वेग मिळवण्याची धडपड सुरू होते. फळ बहुधा ठरलेले असते. शर्यतीची वेळ गेल्या वर्षीइतकीच येते, किंवा दोन मिनिटे अधिक. आणि डिसेंबरात पोटरी किंवा टाच धरलेली असते ती वेगळीच.

पंचविशीत हे खपून जाते. पंचेचाळिशीत खपत नाही, आणि त्याची कारणे शरीरातच आहेत.

आधी एक साधा हिशेब पाहू. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. समजा, एखादा सेहेचाळीस वर्षांचा बँक अधिकारी हे अंतर २ तास १० मिनिटांत धावतो आणि त्याला दोन तासांच्या आत यायचे आहे. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ६ मिनिटे १० सेकंदांवरून ५ मिनिटे ४१ सेकंदांवर यायचे. किलोमीटरला साधारण एकोणतीस सेकंद. ऐकायला किरकोळ वाटते. पण तो एक किलोमीटर आजही पाच मिनिटांत धावू शकतो! त्याची अडचण वेगाची नाही, तो वेग दोन तास टिकवण्याची आहे. अर्धमॅरेथॉनमधील जवळजवळ सगळी ऊर्जा प्राणवायूच्या आधारे तयार होते. हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे किती दाट आहे, पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नावाच्या ऊर्जेच्या भट्ट्या किती आहेत, यावर ती क्षमता ठरते. या गोष्टी घडायला महिने लागतात. दहा आठवड्यांच्या जोरकस सरावाने असलेल्या पायावर चकाकी चढवता येते, पाया घालता येत नाही.

वयाबरोबर हा पाया खचतही असतो. तिशीनंतर प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता बैठी जीवनशैली असणाऱ्यांत दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित सराव करणाऱ्यांत ही घट बरीच कमी, ढोबळमानाने निम्मी असते. ‘नियमित’ हा यातला कळीचा शब्द. दोन ते चार आठवडे सराव बंद पडला तरी ही क्षमता मोजता येईल इतकी उतरते. तरुणाला ती लवकर परत मिळवता येते. मध्यमवयीनाला वेळ अधिक लागतो आणि त्या घाईत दुखापतीचा धोकाही अधिक. म्हणून सात-आठ महिन्यांची सुट्टी ही त्याच्यासाठी फार महागडी सुट्टी आहे. शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांची पूर्ण विश्रांती मात्र घ्यावीच. ती आळसात जमा होत नाही.

या कोरड्या महिन्यांत करायचे काय, याचे उत्तर साठ-पासष्ट वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये दिले गेले. ऑकलंडमधील बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून एक पद्धत बसवली. हंगामाआधी कित्येक आठवडे निवांत, पण भरपूर धावायचे. त्यानंतर चढ, आणि वेगवान सराव अगदी शेवटी. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या तालमीतील पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हालबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले, तेव्हा जगाचे लक्ष या पद्धतीकडे गेले. मध्यमवयीन वाचकाला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक जवळची वाटेल. १९६२ साली बिल बॉवरमन हे अमेरिकी प्रशिक्षक ऑकलंडला गेले. हेच पुढे नायकी कंपनीचे सहसंस्थापक झाले. लिडियार्ड त्यांना सामान्य नागरिकांच्या धावण्याच्या गटात घेऊन गेले. एक्कावन्न वर्षांचे बॉवरमन थोड्याच वेळात धापा टाकू लागले आणि त्यांच्याहून कितीतरी वयोवृद्ध, हृदयविकारातून उठलेला एक गृहस्थ गप्पा मारत त्यांच्या सोबतीला मागे राहिला. बॉवरमन मायदेशी परतले आणि १९६७मध्ये हृदयरोगतज्ज्ञ वाल्डो हॅरिस यांच्यासह त्यांनी ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. सकाळी बागेत धावणारी माणसे ही आज जगभर दिसणारी गोष्ट रुळण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

‘गप्पा मारत’ हेच त्या पद्धतीचे मोजमाप. धावताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले तर गती योग्य. शब्द तुटू लागले तर ती जास्त. वर उल्लेखिलेल्या बँक अधिकाऱ्यासाठी ही गती किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटे भरेल, आणि त्याला ती लाजिरवाणी वाटेल. बहुसंख्य हौशी धावक इथेच चुकतात. ते रोज मध्यम जोराने धावतात. ती गती पाया घडवण्यासाठी जास्त आणि वेग वाढवण्यासाठी अपुरी असते. त्यात रविवारचा गट असला की कोण पुढे, याची चुरस आलीच. नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दमदार खेळाडूंच्या सरावनोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या दर दहा सत्रांपैकी सुमारे आठ सत्रे सौम्य असल्याचे आढळले. जगज्जेते हळू धावतात आणि हौशी मंडळी रोज शर्यत लावतात, असा हा उलटा न्याय!

संथपणाचा सगळ्यात बोलका दाखला कॅनडातील एड व्हिटलॉक यांचा. ते घराजवळच्या स्मशानभूमीत संथ गतीने तासन् तास फेऱ्या मारीत. कित्येकदा सलग तीन तास. २००४ साली टोरांटोमध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पार केली. त्यांची शरीरयष्टी आणि निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ प्रत्येकाला लाभणार नाही, हे खरेच. नोकरदाराने एप्रिल ते जून आठवड्याला पंचवीस किलोमीटरवरून हळूहळू चाळीस-पंचेचाळीसपर्यंत जावे, चार-पाच दिवसांत ते वाटून घ्यावे आणि त्यातली एक दौड सोळा ते अठरा किलोमीटरची असावी, एवढे पुरते. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, असा जुना दंडक आहे. त्याला विज्ञानाचा आधार फारसा नसला तरी शहाणपणाचा आहे.

आता उन्हाचा प्रश्न. मे महिन्यात संभाजीनगरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसातला रस्ता तापू लागतो. म्हणजे पाच वाजता घराबाहेर पडणे आले. त्या वेळीही उकाडा असतोच, आणि उष्म्यात त्याच गतीला हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने सहज वाढतात. मनगटावरील घड्याळ ‘तुम्ही मंदावलात’ म्हणून कुरकुरते. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. वयानुसार ठोक्यांची मर्यादा सांगणारे ‘२२० वजा वय’ हे सूत्रही सरासरीपुरतेच आहे; व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी स्वाभाविक असतो. या दिवसांत गती मोजू नये, धावण्याची मिनिटे मोजावीत. दहा ते चौदा दिवसांत शरीर उष्म्याला सरावते. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवभाग वाढतो. हा लाभ हिवाळ्यापर्यंत टिकतो, अशी समजूत काही जण करून घेतात. तसे नाही, उष्मा सरला की तीन-चार आठवड्यांत तो ओसरतो. टिकतो तो त्या काळात केलेल्या किलोमीटरांचा पाया. पाणी, लिंबू-मीठ, ताक यांत कसूर नको, आणि गरगरणे, मळमळणे, अंगावर काटा येणे यांपैकी काहीही जाणवले की त्या दिवशीची दौड तिथेच संपली असे समजावे.

उन्हाळ्यात करण्याची दुसरी गोष्ट म्हणजे शक्तीचा सराव. धावकांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि चाळिशीनंतर नेमका तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. वय वाढते तसे पावलांची संख्या फारशी बदलत नाही. पाऊल आखूड होत जाते. कारण पोटरी आणि घोटा जमिनीला पूर्वीच्या जोराने मागे रेटू शकत नाहीत. पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, मध्यमवयीन धावकाची हमखास दुखरी जागा आहे. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हा त्रास होता. ‘दुखत असूनही मुद्दाम भार देत राहिलो, कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया तरी होईल,’ अशा आशयाची हकिगत ते सांगतात. कंडरा तुटली नाही, बरी झाली! १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहायचे आणि एका पायाची टाच सावकाश खाली सोडायची. पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सगळे पुन्हा धावू लागले. दुखणे सुरू होण्याआधीच जिन्याच्या पायरीवर आठवड्यातून तीनदा टाचा उचलण्याचा आणि सोडण्याचा व्यायाम केला, तर खर्च शून्य. त्याच्या जोडीला बैठका, एका पायावर उभे राहून करायचे व्यायाम, झेपेल तितके वजन. चाळीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा. खूप दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे.

शक्तीच्या सरावाचा उपयोग होण्यासाठी प्रथिने पोटात जावी लागतात, आणि भाकरी-भाजीच्या शाकाहारी ताटात ती बहुधा कमी पडतात. उसळ, डाळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी, असे काही ना काही प्रत्येक जेवणात हवे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रियांना तर शक्तीचा सराव अधिकच आवश्यक. त्या वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. रक्तातील लोहाची तपासणीही त्यांनी हंगामाआधी करून घ्यावी.

पावसाळा सुरू झाला की या शहराचे भौगोलिक भाग्य कामी येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील झाडीचे रस्ते, त्यामागे लेण्यांकडे चढत जाणारी वाट, गोगाबाबा टेकडी, हनुमान टेकडी. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल सपाटीच्या सरावासाठी, आणि रविवारी सकाळी लवकर दौलताबादचा घाट, अर्थात वाहनांचे भान ठेवून. जुलैपासून आठवड्यातून एकदा चढावर तीस-चाळीस सेकंदांच्या सहा ते आठ दौडी घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी चालत खाली यावे. चढावर वेग कमी आणि जोर अधिक लागतो; त्यामुळे सपाटीवरील जलद दौडीपेक्षा पायांना आदळ कमी बसते. सप्टेंबरात होणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनसाठी नाव नोंदवणाऱ्यांनी हे सारे महिनाभर अलीकडे ओढावे. ती शर्यत ध्येय नसेल, तर सरावाची एक लांब दौड म्हणून धावावी. तिथे जीव तोडून धावल्यास ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हातचा जातो.

एक गोष्ट टाळता येणार नाही. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणानुसार दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. इतर देशांत सुमारे ५९व्या वर्षी. वेगाच्या मागे लागणारा मध्यमवयीन धावक नेमका या वयात असतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि घरातील हृदयविकाराचा इतिहास डॉक्टरांसमोर मांडून, त्यांनी सांगितल्यास ताणचाचणी करून घेणे, हे उन्हाळ्यातील पहिल्याच आठवड्याचे काम आहे. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ते सुचून उपयोग नाही. धावताना छातीत दडपण किंवा अनपेक्षित धाप जाणवली तर ‘पित्त असेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

आणि मराठवाड्याचा म्हणून एक दाखला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेससाठी प्रसिद्ध आहेत. तरीही २०२०च्या नोव्हेंबरात दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. नऊ मिनिटांहूनही कमी वेळाच्या शर्यतीचा हा खेळाडू एकवीस किलोमीटर तसा धावला, तो लांब अंतराच्या भक्कम पायामुळेच. हौशी धावकाने त्यांचा वेग पाहून हरखून जावे, अनुकरण मात्र या बेगमीचे करावे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारापासून बारा आठवडे मागे मोजले की ऑक्टोबरची अखेर येते. म्हणजे दिवाळीच्या आसपास खरा वेगवान सराव सुरू होतो: आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे कष्टाची, पण आटोक्यातली दौड आणि एकदा शर्यतीच्या गतीने काही किलोमीटर, बाकी सारे पूर्वीसारखे संथच. दोन कठीण दिवसांत पंचविशीच्या धावकाला एका दिवसाचे अंतर पुरते. पंचेचाळिशीत दोन, कधी तीन दिवस ठेवावेत. फराळाच्या आठवड्यात एखादी दौड बुडाली, तर ती भरून काढण्याच्या फंदात पडू नये.