लेकराला तापात आकडी येते तेव्हा

आज बचतीचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज बोलायचंय तापाबद्दल. घरोघरी लेकरांना येतो आणि दोन-तीन दिवसांत जातो, तोच साधा ताप. पण त्याच तापात एखादं लेकरू अचानक डोळे फिरवतं, अंग ताठ करतं, हातपाय झाडायला लागतं. कुणी त्याला आकडी म्हणतं, कुणी झटका, शहरात फिट म्हणतात. ती आकडी आमच्या घरात आली आणि त्या वेळी आम्ही जे जे केलं त्यातलं जवळपास सगळं चुकलं. ते चुकलेलंच आज सांगणार आहोत.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. बायका दिवसभर द्राक्षबागेत, म्हणून गटाची बैठक संध्याकाळी सातला आमच्याच ओट्यावर ठेवली होती. आमचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. सकाळपासून नाक गळत होतं, अंग कोमट लागत होतं, पण खेळत होता म्हणून मनावर घेतलं नाही. सासूबाईंच्या मांडीवर पडला होता. आम्ही वहीत पैसे मांडत होतो आणि सासूबाई ओरडल्या. बघतो तर पोराचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देतायत, ओठ निळे. हाक मारली तर ओळख नाही.

लेकरू हातचं गेलं, एवढंच मनात आलं. दुसरं काही सुचलं नाही.

मग बारा जणींनी बारा गोष्टी केल्या. एकीने कांदा फोडून नाकाला लावला. आपल्या जिल्ह्यात कांदा शोधायला वेळ लागत नाही! दुसरी चामड्याची चप्पल घेऊन आली. एका काकूंनी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला, त्यात हिरडी फाटून रक्त आलं. दोघींनी हातपाय दाबून धरले. कुणी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. पोराच्या वडिलांनी शेजारच्या पिकअपवाल्याला फोन लावला आणि पोराला खांद्यावर टाकून रस्त्याकडे धावले. गाडीत बसेपर्यंत अंग सैल पडलं होतं, आकडी थांबली होती. बैठकीत जमलेले पैसे कुणीतरी तसेच आमच्या पिशवीत कोंबले. त्याचा ठराव नंतर झाला.

रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘किती वेळ चालली?’ आमच्यातली एक म्हणाली दहा मिनिटं, एक म्हणाली अर्धा तास. शेवटी वडिलांच्या मोबाइलवर पिकअपवाल्याला केलेल्या फोनची वेळ बघितली आणि मागचंपुढचं जुळवलं. जेमतेम चार मिनिटं.

डॉक्टरांनी मग समजावलं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात मेंदू अजून घडत असतो. काही लेकरांच्या मेंदूला तापाची चढती सोसत नाही आणि तो क्षणभर भलतेच इशारे द्यायला लागतो, त्याने सगळं अंग झटके देतं. शंभर मुलांमधल्या दोन ते पाच मुलांना असं कधी ना कधी होतं. म्हणजे मोठ्या गावात दोन-चार घरं तरी निघतीलच. आई-बापाला किंवा भावंडाला लहानपणी आली असेल तर शक्यता वाढते. बरेचदा ती तापाच्या पहिल्याच दिवशी येते. कधी तर ताप आहे हे आकडी आल्यावरच कळतं, आमचं झालं तसं. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ती आपली आपण थांबते.

हे ‘आपली आपण’ नीट ऐका. आमच्याकडे आकडी थांबायचीच होती. ती थांबायच्या वेळी नाकाशी कांदा होता, म्हणून गाव आजही म्हणतं, कांद्याने गुण आला. चप्पल असती तर चपलेचं नाव झालं असतं. कांद्याने फार बिघडत नाही म्हणा, पण कांदा शोधण्यात जी बाई गुंतते तिने लेकराला कुशीवर करायचं राहून जातं.

करायचं ते हेच. लेकराला सपाट जागी, खाली सतरंजीवर ठेवा आणि एका कुशीवर वळवा. त्यामुळे लाळ, उलटी बाहेर येते, श्वासनळीत जात नाही. चूल, दगड, ओट्याची कड यांपासून लांब घ्या. गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा. आणि घड्याळ बघा, नाहीतर मोबाइलवर वेळ लावा. हातपाय दाबून धरू नका, त्याने झटके थांबत नाहीत, लेकराला इजा मात्र होते. तोंडात चमचा, बोट, काहीही घालू नका. जीभ गिळली जाते असं म्हणतात, तसं होत नाही. दात तुटतो, तो तुकडा घशात जाऊ शकतो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही, दूध नाही, तापाचं औषधसुद्धा नाही. आम्ही तोंडावर पाणी मारलं तेव्हा ते श्वासात गेलं नाही हे आमचं नशीब.

हात स्वस्थ ठेवून बघत बसणं फार अवघड आहे. आईला तर अशक्यच वाटतं. म्हणून आम्ही सांगतो, घड्याळाचं काम आईने घ्यावं. नजरेला काहीतरी धरायला मिळतं.

पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत तर 108 लावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही येते. फोनवर गाव, तालुका आणि ठळक खूण सांगा. मळ्यात राहणाऱ्यांनी एका माणसाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा, नाहीतर गाडी बांधाबांधाने फिरत राहते. चोवीस तासांत दुसऱ्यांदा आकडी आली, अंगाची एकच बाजू झटके देत होती, अर्धा तास होऊनही लेकरू शुद्धीवर येत नाही, मान ताठ वाटते, सारखी उलटी होते, श्वास नीट नाही, अंगावर जांभळे डाग आहेत, किंवा लेकरू सहा महिन्यांहून लहान आहे, तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही. आकडीनंतर लेकरू थकून झोपतं, ते बरोबर आहे. पण हलवलं तर कुरकुर करायला हवी.

आकडी थांबली म्हणजे काम संपलं असंही नाही. पहिल्यांदा आली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. ताप कशाचा हे शोधावं लागतं. मेंदूज्वरातही ताप आणि झटके येतात, आणि तो घरी ओळखता येत नाही.

तापाच्या औषधाबद्दल आमचा मोठा गैरसमज होता. पॅरासिटामॉल वेळेवर दिलं तर आकडी येणारच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, त्याने लेकराला आराम पडतो, पण आकडी टळेलच असं नाही. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. अंगणवाडीत वजन होतं ते माहीत असू द्या. आणि एक लक्षात ठेवा, थेंबांच्या बाटलीतलं औषध पातळ औषधापेक्षा बरंच तीव्र असतं. घरातल्या चमच्याने थेंबांचं औषध पाजलं तर मात्रा किती तरी पट होते. बाटलीबरोबरचं मापच वापरा. तापात गोधडीत गुंडाळू नका, बर्फाच्या पाण्याने पुसूही नका. लसीनंतरच्या तापातही एखाद्याला आकडी येते, म्हणून लस चुकवू नका. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, एवढं पुरे.

पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. तिघांतल्या साधारण एकाला पुन्हा एखाद्या तापात आकडी येते. साध्या, थोड्या वेळाच्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, अभ्यासात मूल मागे पडत नाही. हे फेफरं नव्हे. पुढे फेफरं होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकांना ते होत नाही. हे लिहून ठेवायचं कारण, मुलगी असेल तर लोक लग्नापर्यंत ही गोष्ट ओढतात.

आणि आमच्याकडे लोक काय बोलले ते सांगून टाकतो. ‘बैठका करत फिरते, पोराकडे लक्ष नाही.’ कुणी नजर लागली म्हणालं, कुणी आईचं दूध. डॉक्टरांनी सासूबाईंसमोर स्पष्ट सांगितलं, यात आईची चूक नसते. आम्ही सांगून कुणी ऐकलं नसतं, पांढऱ्या कोटाचं ऐकलं.

मार्चमध्ये ती पुन्हा आली, पहाटे. सासूबाई आधी कांद्याच्या टोपलीकडेच गेल्या. मग थांबल्या, परत आल्या आणि मोबाइल उचलला. आम्ही पोराला कुशीवर घेतलं, बाजूची पाण्याची कळशी सरकवली आणि बसून राहिलो. थोबाडात चमचा नाही, ओरडा नाही. उजाडल्यावर रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. सासूबाई म्हणाल्या, ‘दोन मिनिटं चाळीस सेकंद.’ त्यांनी लिहून घेतलं आणि मग कान तपासला. या वेळी ताप कानाच्या दुखण्याचा होता.