निवड चाचणी आणि वजनकाटा

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की आपल्या जिल्ह्यात गावोगावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात. यातलाच एखादा पोरगा पुढे जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळाडूंवर लाखांच्या बोली लागू लागल्या, तेव्हापासून या चाचणीकडे साऱ्या घराचे डोळे असतात.

चाचणीत खेळाच्या आधी काटा येतो. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसाठी ८५ व महिलांसाठी ७५ किलोची मर्यादा आहे. कुमार व किशोर गटांत त्याहून कमी. किलो-दीड किलो जास्त भरणारा मुलगा मग आदल्या दिवशी जेवण सोडतो, पाणी सोडतो, रेनकोट घालून उन्हात धावतो. कोणी लघवीची गोळी गिळतो. (ही गोळी खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांत मोडते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.) वजन उतरते खरे, पण गेलेले असते ते पाणी, चरबी जागच्या जागी राहते.

साठ किलोच्या मुलाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेले की दम कमी पडू लागतो. रक्तातले पाणी घटल्याने हृदयाला जास्त धावपळ करावी लागते, अंग तापते. चढाई तीस सेकंदांची, तीही एका दमात. निवड करणारे पाहतात ते पायांची चपळाई, पकडीची वेळ आणि चौथ्या-पाचव्या चढाईलाही टिकणारा दम. सुकलेल्या मुलात नेमके तेच उरलेले नसते. काट्यावर पास झालेला मैदानावर नापास होतो.

प्रसंगी जिवावरही बेतते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयातले तीन कुस्तीगीर दीड महिन्याच्या आत दगावले. तिघेही घाम कोंडणारे कपडे घालून, उष्ण जागी व्यायाम करून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे कपडे बंद झाले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवण्याच्या धडपडीनंतर तिला सलाईन लावावे लागले.

वजन कमी करायचेच तर दीड-दोन महिने आधी सुरुवात करावी, आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त नको. भात थोडा कमी करावा, पण डाळ, अंडी, ताक तोडू नये. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवण्यापेक्षा एखादी चाचणी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी लघवीच्या रंगाची चौकशी करावी; गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडते आहे.

मुलगा सुकलाच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. पायात गोळे येत असतील, लघवी झाली नसेल किंवा तो असंबद्ध बोलत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा.