जारमध्ये कुठल्या बोअरचे पाणी?

सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांच्या नव्या वसाहतींत काय काय असावे, याची यादी नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यातच घालून दिली होती. शंभर कुटुंबांमागे एक शाळा, पाचशे कुटुंबांमागे एक दवाखाना, पन्नास कुटुंबांमागे झाडाला एक पार. आणि पन्नास कुटुंबांमागे एक विहीर, गुरांच्या हौदासकट. पिण्याच्या पाण्याचा विषय तिथे एका ओळीत मिटला. विहीर खणायची, पाणी लागले की प्यायचे. लागलेल्या पाण्यात काय विरघळले आहे, हे त्या ओळीत कुणी विचारलेले नाही.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात तेच आधी विचारावे लागते. इथल्या आणि शेजारच्या झाबुआतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. कुक्षी तालुक्यातले निसरपूर म्हणजे आसपासच्या खेड्यांची मोठी बाजारपेठ. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुने निसरपूर पाण्याखाली गेले. जवळच्याच चिखलद्याला मेधा पाटकर २०१७ मध्ये उपोषणाला बसल्या होत्या, ते याच बुडिताच्या आणि पुनर्वसनाच्या प्रश्नावर. धरणातले पाणी कच्छ-सौराष्ट्रात आणि राजस्थानच्या जालोर-बाडमेरपर्यंत जाते. वरच्या अंगाला जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूरकर पितात. पुनर्वसन वसाहतींतल्या लोकांची पाण्याची तक्रार मात्र वर्षानुवर्षे चालूच राहिली. अशा ठिकाणी ‘नळाचे प्यावे की जारचे’ हा प्रश्न शहरातल्यासारखा चवीचा किंवा ऐपतीचा राहत नाही.

फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नाही, त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात. फ्लोराइड तिथेच राहते, उलट वाफ गेल्यामुळे थोडे दाटच होते. तुरटी फिरवून गढूळपणा खाली बसतो, क्लोरीनने रोगजंतू जातात, पण घरातल्या या नेहमीच्या उपायांनी फ्लोराइड पुरेसे हटत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी मुलांच्या दातांवर पांढरे ठिपके आणि पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. प्रमाण फारच जास्त असेल तर पुढे सांधे आखडतात, पाठ वाकत नाही, उकिडवे बसणेही कठीण होते. झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही.

पाण्यातले फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधलेली नालगोंडा पद्धत तशी साधी आहे: पाण्यात हिशेबाने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी काढून घ्यायचे. इथे तुरटीचा डोस घरच्यापेक्षा खूप मोठा असतो आणि पाणी तपासून ठरवावा लागतो. रोजच्या रोज, नेमक्या मापाने हे करत राहणे मात्र साधे नाही. कार्यालयात बसून ‘सोपी घरगुती पद्धत’ असे लिहिणाऱ्याने ती महिनाभर स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहावी. धार-झाबुआत नीरी आणि युनिसेफ यांनी मिळून जे काम केले, त्यात पाण्याइतकेच ताटाकडेही लक्ष दिले होते, कारण कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कमी पडले की फ्लोराइडचा मार जास्त बसतो. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा टाकळा कॅल्शियमच्या दृष्टीने चांगली भाजी आहे. आपल्याकडे तिला गरिबाची म्हणून नाक मुरडतात.

फ्लोराइड येते खडकातून. पाणी खडकाच्या भेगांत जितका काळ अडकून राहील, तितके ते विरघळते. नदीच्या आणि तळ्याच्या पाण्यात म्हणूनच ते सहसा कमी असते, उथळ विहिरीतही बरेचदा कमी, आणि खोल बोअरमध्ये जास्त सापडण्याची भीती असते. माळव्याने खोल बोअरचा हा खेळ शेवटापर्यंत खेळून पाहिला आहे. देवासला १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने त्या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली आणि आणखी खोल जाण्याची शर्यत थोडी मंदावली. पिण्याच्या पाण्याचा विचार खरे तर इथून, जमिनीवर पडणाऱ्या पावसापासून सुरू व्हायला हवा. आपण तो नळाच्या तोटीपासून सुरू करतो.

आता जारकडे येऊ. दुकानातल्या सीलबंद बाटलीला कायद्याची चौकट आहे. पॅकबंद पाण्याच्या मानकात फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅमच आहे, म्हणजे नळाला जी १.५ ची सवलत आहे ती बाटलीला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) प्रमाणपत्राची सक्ती उठली, आणि पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकले. पण कुणाचेही रोजचे पिणे बाटलीवर भागत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून घराला दिवसाला २० लिटर लागतात असे धरले (फ्लोराइडच्या गावात डाळ-भाताचे पाणीही मोजावे लागते), तर २० रुपये लिटरने महिन्याचे १२ हजार होतात. ३० रुपयांच्या जारने तेच काम ९०० रुपयांत होते. म्हणून लोक जार घेतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

अडचण अशी की हा जार बहुतेक वेळा गावातल्याच बोअरवर भरलेला असतो. मधल्या आरओ यंत्राची पडदी धड असेल तर फ्लोराइड नक्की कमी होते. ती वेळेवर बदललेली नसेल, तर तुम्ही आपल्याच बोअरचे पाणी थंड करून विकत घेता. वर न धुतलेला जार, सैल झाकण आणि क्लोरीनचा अभाव. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई विहिरीच्या पाण्यावर होतीच, पण तपासणीत काही खासगी आरओ केंद्रांचे पाणीही दूषित निघाले आणि महापालिकेने ती बंद केली.

घरोघरी येणारा यंत्रविक्रेता पेल्यात टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. त्या मीटरला एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. त्यात फ्लोराइड किती, जंतू किती, याचा त्याला पत्ता नसतो. दोन सळ्या बुडवून वीज सोडायची आणि पाणी तपकिरी करून दाखवायचे, हा तर निव्वळ गारुड्याचा खेळ आहे. तो रंग सळीच्या लोखंडाचा असतो. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ नको, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला दिला, कारण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडते. माझ्या मते फ्लोराइडच्या गावाला मात्र हा आकडा जसाच्या तसा लावू नये. तिथे टीडीएस ४०० असूनही फ्लोराइड ३ असू शकते.

तेव्हा आधी तपासणी. पीएचई (सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी) विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा आणि फ्लोराइड, नायट्रेट, कोलिफॉर्म ही तीन नावे घेऊनच मागायची. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणीचे संच देऊन शिकवले जाते; तुमच्या गावात तो संच कपाटात पडला असेल तर बाहेर काढायला लावा. नळाला नदीचे, शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी असेल, तोटीशी क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळत असेल आणि कोलिफॉर्म जंतू नसतील, तर जारवर पैसे घालवण्याचे मला काही कारण दिसत नाही. झाकणाचा माठ आणि ओगराळे पुरे. नळ बोअरचा असेल आणि फ्लोराइड १.५ च्या वर असेल, तर घरात दोन पाणी करावीत: अंघोळ, धुणी-भांडी बोअरवर, पिणे आणि शिजवणे दुसऱ्या पाण्यावर. हे दुसरे पाणी पुरेसे नसेल तर आठ वर्षांच्या आतल्या मुलांना आधी द्यावे, कारण पक्क्या दातांचे कवच त्याच वयात घडते.

जार घ्यायचाच झाला तर त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, ते बघा. नसेल तर जारवाल्याकडे त्याच्या बोअरचा आणि आरओनंतरच्या पाण्याचा, असे दोन्ही तपासणी अहवाल मागा.